सिरॅमिक कंपोझिटच्या टर्बाइन भागावर कण आदळला तर खरे नुकसान कोणते?

रनवे_२७ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मी विमान देखभाल अभियंत्याच्या परवान्यासाठी अभ्यास करतो आहे. ए३२०निओ आणि ७३७ मॅक्स या विमानांवर येणाऱ्या लीप इंजिनात उच्चदाब टर्बाइनच्या पहिल्या टप्प्याचे श्राउड, म्हणजे पात्यांच्या टोकांभोवतीचे स्थिर कडे, सिलिकॉन कार्बाइडच्या सिरॅमिक मॅट्रिक्स कंपोझिटचे (सिरॅमिकचे तंतू सिरॅमिकमध्येच रोवलेल्या पदार्थाचे), म्हणजेच सीएमसीचे, असते. निकेलच्या मिश्रधातूच्या तुलनेत वजन सुमारे एकतृतीयांश, तापमान सोसण्याची क्षमता धातूपेक्षा जास्त, त्यामुळे थंड हवा कमी लागते आणि इंधन वाचते, इथपर्यंतचे गणित मला कळते.

अडचण पुढे आहे. सिरॅमिक म्हटले की फरशीवर पडून तुकडे झालेला चिनी मातीचा कप डोळ्यांपुढे येतो. इंजिनात तर पक्षी, गारा, धावपट्टीवरची खडी आणि इंजिनाच्याच आतून सुटलेले तुकडे यांची भीती कायम असते. मग प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणांनी अशा पदार्थावर विश्वास कसा ठेवला? नासाच्या एका चाचणीत पोलादी गोळी नमुन्यातून आरपार गेली तरी नमुन्याची निम्मी ताकद शिल्लक राहिली, असे माझ्या वाचनात आले. हे कसे शक्य होते? शिवाय कॉम्प्रेसरच्या धातूच्या पात्यावर खाच दिसली तर तिची लांबी आणि खोली मोजून मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहायची, हे आम्हाला शिकवले आहे. सीएमसीच्या भागावर बोअरस्कोपमधून, म्हणजे इंजिन न उघडता आत पाहण्याच्या नळीसारख्या कॅमेऱ्यातून, टवका उडालेला दिसला तर त्यावरून काय निष्कर्ष काढायचा? या क्षेत्रात काम केलेल्या कोणी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तंतुजाल

रनवे_२७, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. तपासणीविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे सदस्य येथे आहेत.

आधी पक्ष्याला बाजूला ठेवू. पक्षी आदळतो तो पंख्यावर. सीएमसीचे भाग त्याच्या खूप मागे, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन येथे असतात. लीपमध्ये आत येणाऱ्या हवेपैकी साधारण ९ ते ११ भाग गाभ्याला, म्हणजे कॉम्प्रेसर, ज्वलनकक्ष आणि टर्बाइन यांच्या मधल्या वाटेला, वळसा घालून जातात आणि एकच भाग गाभ्यात शिरतो. फिरता पंखा जड वस्तू बाहेरच्या कडेकडे फेकतो, त्यामुळे खडी बहुधा त्या बाहेरच्या वाटेनेच निघून जाते. गाभ्यात शिरलेली गार वितळते आणि वाळू कॉम्प्रेसरमध्ये आणखी बारीक होते. टर्बाइनच्या भागांवर प्रत्यक्ष आदळतात ते निराळेच पदार्थ: इंधनाच्या नोझलवर साचून नंतर सुटलेला कार्बनचा खडा, ज्वलनकक्षाच्या अस्तरावरून निघालेला लेपाचा पापुद्रा, पुढच्या टप्प्यात तुटलेल्या धातूचा कण. म्हणजे बाहेरून आलेल्या वस्तूपेक्षा घरातूनच निघालेल्या वस्तूचा धोका येथे मोठा आहे, आणि अशा वस्तूचा आकार बहुतेक वेळा मिलिमीटरच्या मापातला असतो.

आपण वाचलेली चाचणी याच विचाराने आखलेली होती. नासाच्या ग्लेन संशोधन केंद्रातील गटाने २००८ च्या सुमारास तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सिलिकॉन कार्बाइडच्या तंतूंचे विणलेले कापड थरावर थर रचून आणि त्यात वितळलेले सिलिकॉन मुरवून तयार केलेल्या नमुन्यांवर १.५९ मिलिमीटर व्यासाच्या पोलादी गोळ्या सेकंदाला ११५ ते ४०० मीटर वेगाने मारल्या गेल्या, काही सामान्य तापमानाला आणि काही १,३१६ अंश सेल्सिअसला. सेकंदाला ११५ मीटर वेगाला पृष्ठभागावर किंवा आत दखल घेण्याजोगे नुकसान आढळले नाही आणि ताकदही कायम राहिली. त्यापुढे वेग वाढत गेला तसतसे आतले नुकसान वाढले. ३०० मीटरच्या वर गोळी आरपार गेली, तरी ओढून तोडण्याच्या चाचणीत नमुन्याने मूळच्या सुमारे ५० टक्के ताण पेलला आणि तो काचेसारखा एकदम फुटला नाही.

या आकड्यांमागची ऊर्जा आपण स्वतः काढून पाहावी, कारण त्यातून अंदाज पक्का होतो. अशा गोळीचे वस्तुमान साधारण १६ मिलिग्रॅम भरते. ११५ मीटर वेगाला तिची गतिज ऊर्जा सुमारे ०.११ जूल होते, ३०० मीटरला ०.७४ जूल आणि ४०० मीटरला १.३ जूल. ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणून वेग अडीच पटींच्या थोडा वर गेला की ऊर्जा जवळजवळ सात पट होते आणि 'काहीच झाले नाही' पासून 'आरपार भोक' पर्यंतचे सगळे टप्पे एवढ्याशा पट्ट्यात मावतात. एका जूलपेक्षाही कमी ऊर्जा हे ऐकायला नगण्य वाटते, परंतु ती मिलिमीटर-दीड मिलिमीटर रुंदीच्या जागेवर काही मायक्रोसेकंदांत ओतली जाते, हे विसरून चालत नाही.

आता नमुना फुटून विखुरला का नाही, ते पाहू. निव्वळ सिलिकॉन कार्बाइडच्या ठोकळ्यात तडा एकदा सुटला की त्याला अडवणारे काहीच नसते. कंपोझिटमध्ये सुमारे १२ ते १४ मायक्रॉन जाडीचे शेकडो तंतू एकेका पेळूत, म्हणजे जुडीत, असतात आणि प्रत्येक तंतूभोवती बोरॉन नायट्राइडचा, मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहूनही पातळ, असा मऊ थर मुद्दाम चढवलेला असतो. आधारद्रव्यातून, म्हणजे तंतूंच्या मधली जागा भरणाऱ्या सिरॅमिकमधून (मॅट्रिक्समधून), आलेला तडा या थरापाशी पोहोचला की तंतू तोडून सरळ पुढे जाण्याऐवजी तंतूच्या कडेने वळतो, तंतू आपल्या खोबणीत किंचित घसरतो आणि तड्याच्या दोन्ही काठांना धरून ठेवतो. सगळा पदार्थ या घसरण्यावर उभा आहे. तंतू आधारद्रव्याला घट्ट चिकटलेला असता तर कंपोझिट आणि ठोकळा यांत फरकच उरला नसता.

धडकेनंतर नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर पुढच्या बाजूला गोळीच्या मापाचा खळगा आणि त्याखाली चुरडलेले आधारद्रव्य दिसते. खळग्यापासून आत पसरत जाणारा शंकूच्या आकाराचा तडा असतो, मधल्या भागात कापडाचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात आणि मागच्या बाजूला तंतू ताणाने तुटून फुगवटा आलेला असतो. पुष्कळदा मागचे नुकसान पुढच्यापेक्षा मोठे भरते, कारण धडकेने पत्रा वाकतो आणि ताण मागच्या पृष्ठावर येतो. म्हणूनच नमुन्याला मागून पूर्ण आधार दिला आहे की तो फक्त कडांवर टेकवला आहे, यावर निकाल मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. कोणताही प्रयोग वाचताना आधी हा तपशील शोधावा. दुसरा तपशील गोळीच्या पदार्थाचा: पोलादी गोळी धडकेत चपटी होते आणि काही ऊर्जा स्वतःच गिळते, तर सिलिकॉन नायट्राइडची गोळी तशी चपटी होत नाही आणि सिरॅमिकच्या लक्ष्याला पोलादापेक्षा जास्त इजा करते.

जुना_टर्बाइनवाला

तंतुजाल यांनी यांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे. 'निम्मी ताकद शिल्लक' या आकड्याविषयी मात्र मला गंभीर आक्षेप आहे. आकडा खरा आहे, पण नवशिक्याने तो दिलासा म्हणून वाचू नये. ती ताकद सामान्य तापमानाला, कोरड्या खोलीत मोजलेली आहे. इंजिनात त्या भोकाला पुढचे शेकडो तास गरम वायू आणि वाफ यांच्या प्रवाहात काढायचे असतात. सीएमसीच्या बाबतीत धडक ही नुकसानीची सुरुवात असते. उरलेले नुकसान रसायन करते, आणि माझ्या मते मोठा वाटा त्याचाच असतो.

थोडा इतिहास सांगतो. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या पाठबळाने सोलर टर्बाइन्स या कंपनीने वीज आणि वाफ निर्माण करणाऱ्या जमिनीवरच्या एका टर्बाइनमध्ये सिरॅमिकचे भाग बसवून पाहिले. पाती निव्वळ सिलिकॉन नायट्राइडची होती. कॅलिफोर्नियातील प्रत्यक्ष वापरात ज्वलनकक्षातली एक लहानशी धातूची पिन निसटली, पात्यांवर आदळली आणि पाती गेली. तंतू नसलेल्या सिरॅमिकची पाती त्या उपक्रमात पुढे फार टिकली नाहीत, यात आश्चर्य नाही. त्याच यंत्रांत ज्वलनकक्षाचे अस्तर मात्र सिलिकॉन कार्बाइडच्या कंपोझिटचे होते आणि त्याने वेगळीच गोष्ट शिकवली. लेप नसलेले अस्तर सुमारे ५,००० तासांत इतके झिजले की बदलावे लागले; बाहेरून संरक्षक लेप दिलेले अस्तर जवळपास १४,००० तास चालले. धडकेचा प्रश्नच नसताना निव्वळ लेप असण्या-नसण्याने एवढा फरक पडला.

कारण असे. सिलिकॉन कार्बाइड तापले की त्यावर सिलिकाचा पातळ थर येतो आणि कोरड्या हवेत तोच थर त्याचे रक्षण करतो. परंतु इंधन जळल्यावर निघणाऱ्या वायूत साधारण ५ ते १० टक्के पाण्याची वाफ असते. ही वाफ सिलिकाशी संयोग पावून सिलिकॉन हायड्रॉक्साइडच्या रूपात त्याला वायू करते आणि वेगवान प्रवाह तो वायू वाहून नेतो. खाली पुन्हा सिलिका तयार होतो, पुन्हा उडून जातो आणि भाग पातळ होत जातो. उघड्या पृष्ठभागाची ही झीज काही हजार तासांत मिलिमीटरच्या मापात जाऊ शकते, आणि भागाची भिंतच मुळात मोजक्या मिलिमीटरची असते.

म्हणून आजच्या जवळजवळ प्रत्येक सीएमसी टर्बाइन भागावर दोन थरांचा तरी लेप असतो: खाली सिलिकॉन, वर यटर्बियम डायसिलिकेटसारखे सिलिकेट. वरच्या थराचे तापल्यावरचे प्रसरण सिलिकॉन कार्बाइडच्या बरेच जवळ असते, म्हणून त्याची निवड झाली. आता याच लेपावर कण आदळल्याची कल्पना करावी. ज्या वेगाला कंपोझिटला काहीही होत नाही त्या वेगालाही लेपाचा टवका उडू शकतो, किंवा टवका न उडता केसासारखी भेग पडते. त्या भेगेतून वाफ सिलिकॉनच्या थरापर्यंत उतरते आणि तेथे सिलिका वाढू लागतो. हा सिलिका इंजिन थंड होताना २२० अंशांच्या आसपास आपली स्फटिकरचना बदलतो, आकुंचन पावतो आणि तडकतो. प्रत्येक उड्डाणात तापणे आणि थंड होणे आलेच, त्यामुळे भेगेच्या दोन्ही बाजूंनी लेप खालून पोखरला जातो आणि काही काळाने मूळ टवक्याच्या कितीतरी पट क्षेत्रफळाचा पापुद्रा सुटतो. धडकेच्या दिवशी मोजलेला टवका आणि पुढच्या तपासणीत दिसणारे उघडे क्षेत्र यांत जो फरक पडतो त्याचे कारण हे आहे.

लेप किती निर्णायक आहे हे लीपच्याच इतिहासात दिसले. इंजिन २०१६ मध्ये सेवेत आले आणि २०१७ मध्ये काही इंजिनांत श्राउडवरचा लेप अपेक्षेपेक्षा लवकर सुटत असल्याचे लीप बनवणाऱ्या सीएफएम कंपनीने जाहीर केले. कंपोझिट फुटले नव्हते. परंतु लेप गेल्याने पात्याचे टोक आणि श्राउड यांतली फट वाढली आणि इंजिन अधिक गरम चालू लागले. कंपनीला लेपात सुधारणा करावी लागली.

रनवे_२७

दोघांचेही मनापासून आभार. एक शंका राहिली. ताप जितका जास्त तितके रासायनिक नुकसान जास्त, असे मी यावरून समजतो. मग भागाचा सर्वांत गरम पृष्ठ सांभाळला की पुरेसे आहे का?

तंतुजाल

नाही, आणि हा मुद्दा अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत फार थोडक्यात उरकला जातो, म्हणून जरा थांबून लिहितो.

तंतूंभोवतीचा बोरॉन नायट्राइडचा थर हा या पदार्थाचा प्राण आहे आणि तोच त्याचा कच्चा दुवाही आहे. तडा तंतूपर्यंत गेला आणि त्यातून हवा आत शिरली की बोरॉन नायट्राइडचे बोरॉनच्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. सुमारे १,१०० अंशांच्या वर तड्याच्या भिंतींवर सिलिका इतक्या वेगाने वाढतो की अरुंद तडा तोंडाशीच बुजतो आणि आतल्या थराला काहीसे अभय मिळते. ७०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात सिलिका सावकाश वाढतो, तडा उघडाच राहतो, परंतु बोरॉन नायट्राइडचे ऑक्सिडीकरण मात्र चालू असते. बोरॉनचे द्रव ऑक्साइड सिलिकामध्ये मिसळून काच तयार होते, ती तंतूंच्या मधल्या जागेत भरते आणि शेजारचे तंतू एकमेकांना व आधारद्रव्याला घट्ट जखडून टाकते. हवेत ओलावा असेल तर बोरॉन वाफेबरोबर निघूनही जातो आणि त्याच्या जागी शेवटी सिलिका उरतो. दोन्ही प्रकारांत तंतूचे घसरणे थांबते. ज्या गुणामुळे गोळी आरपार जाऊनही नमुना विखुरला नव्हता तो गुणच त्या जागेपुरता नाहीसा होतो आणि पदार्थ ठिसूळ होतो. भार असताना हे घडले तर एकेक करून तंतूंची पूर्ण फळी तुटत जाते.

आता मी वर लिहिलेल्या मागच्या पृष्ठाकडे परत जाऊ. श्राउड असो की टर्बाइनच्या नोझलचे (वायूला फिरत्या पात्यांकडे वळवणाऱ्या भागाचे, इंधनाच्या नोझलचे नव्हे) स्थिर पाते, गरम वायूच्या बाजूला तापमान सर्वांत जास्त आणि मागच्या, थंड हवा खेळवलेल्या बाजूला शेकडो अंशांनी कमी असते. धडकेने तंतू तुटतात आणि तडे उघडतात ते बहुधा या मागच्या बाजूला, म्हणजे जेथे ७००-९०० अंशांचा पट्टा सापडण्याची शक्यता अधिक तेथेच. त्या बाजूला ज्वलनाची वाफ नसते हे खरे, पण कॉम्प्रेसरमधून आलेली दाबाखालची हवा असते आणि तिच्यात ऑक्सिजन भरपूर असतो. माझ्या दृष्टीने सीएमसीच्या धडकेतील सर्वांत चिंतेचे ठिकाण हेच आहे आणि दुर्दैवाने ते बोअरस्कोपला दिसत नाही.

बोअरस्कोपच्या_मागे

मी इंजिन दुरुस्तीच्या शॉपमध्ये तपासणीचे काम करतो. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर माझ्या अनुभवातून देतो. अर्थात ज्या इंजिनावर आपण काम कराल त्याचे मॅन्युअल हाच अखेरचा शब्द आहे आणि येथील कोणाचेही लिहिणे त्याची जागा घेऊ शकत नाही.

धातूवरची खाच वाचताना आपण तिचा आकार पाहतो, कारण धातूत खाचेच्या टोकापासून थकव्याचा तडा वाढण्याची भीती असते. कॉम्प्रेसरच्या पात्यावरची लहान खाच घासून, कडा गोलसर करून ताण कमी करता येतो. सीएमसीवर हा उपाय चालत नाही. घासले की लेप जातो, त्याखालचे आधारद्रव्य जाते आणि तंतूंची कापलेली टोके उघडी पडतात. प्रत्येक उघडे टोक म्हणजे बोरॉन नायट्राइडच्या थराकडे जाणारी एक नळीच असते. म्हणून खाचेची खोली मोजण्याच्या आधी लेप कुठपर्यंत शाबूत आहे, हे पाहावे लागते.

बोअरस्कोपमधून हे बऱ्यापैकी दिसते. वरचा सिलिकेटचा थर फिकट असतो, त्याखालचे सिलिकॉन आणि कंपोझिट काळपट करडे असते, त्यामुळे टवका उडालेली जागा रंगावरून उठून दिसते. टवक्याची कडा मी आवर्जून पाहतो. कडा तीक्ष्ण आणि तळ स्वच्छ असेल तर टवका अलीकडचा असण्याची शक्यता जास्त. कडेभोवती लेप किंचित उचललेला असेल किंवा तळावर पांढुरकी साय आलेली असेल, तर तेथे ऑक्सिडीकरण चालू होऊन काही काळ लोटला आहे. तळाशी तंतूंची रचना, म्हणजे समांतर किंवा एकमेकांवरून गेलेले पेळू, ओळखू येऊ लागले तर नुकसान लेपाच्या पलीकडे कंपोझिटमध्ये पोहोचले आहे, आणि तेव्हा टवका किती लहान आहे याला फारसा अर्थ उरत नाही. प्रकाशाचा कोन बदलून पुन्हा पाहावे. समोरून पडणाऱ्या प्रकाशात उचललेला लेप सपाट भासतो. आणखी एक सावधगिरी म्हणजे धुळीचा थर. हवेतली धूळ टर्बाइनमध्ये सुमारे १,२०० अंशांच्या वर वितळते आणि लेपावर काचेसारखी पसरते. तिच्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम आणि सिलिकॉन यांची ऑक्साइडे असतात, ती लेपात शिरून त्याच्याशी संयोग पावतात. अशा काचेखाली टवका झाकला जातो आणि कधी काचेचाच तुकडा उडून टवक्याचा भास होतो. उत्तर भारतात आणि आखाती देशांत वारंवार ये-जा करणाऱ्या इंजिनांच्या तपासणीत हा फरक डोळ्यांना शिकवावा लागतो.

आतले थर सुटले आहेत का, हे भाग इंजिनातून काढल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. भाग बाहेर आल्यावर सोयीचा मार्ग म्हणजे स्पंद थर्मोग्राफी. भागावर दिव्याचा क्षणिक झोत टाकतात आणि अवरक्त कॅमेऱ्याने पृष्ठभाग निवताना पाहतात. जेथे थर सुटला आहे तेथे मधल्या हवेमुळे उष्णता आत जाऊ शकत नाही, म्हणून तेवढी जागा आजूबाजूपेक्षा जास्त वेळ गरम दिसते. सुटलेल्या थराचा विस्तार यातून चांगला कळतो, पण उभे तडे यात नीटसे दिसत नाहीत. त्यासाठी क्ष-किरणांचे संगणकीय छेदचित्रण करावे लागते. ते वेळखाऊ आणि महाग आहे, शिवाय अगदी मिटलेला तडा त्यातही निसटतो. वितळलेले सिलिकॉन मुरवलेल्या कंपोझिटमध्ये उरलेले सिलिकॉन वीज वाहून नेते, तडे वाढले की विद्युतरोध वाढतो. या गुणाचा उपयोग करून नुकसान मोजण्याचे प्रयोग प्रयोगशाळांत झाले आहेत. मला त्याबद्दल मोठी आशा आहे, कारण मागच्या पृष्ठावरचे तडेही त्या मोजणीतून सुटणार नाहीत.

श्राउडपुरते बोलायचे तर परिस्थिती बरीच सुसह्य आहे. लीपमध्ये श्राउडचे कडे १८ तुकड्यांचे असते. तुकडे स्थिर असतात, त्यांच्यावर केंद्रोत्सारी भार नसतो आणि शॉपमध्ये आलेल्या इंजिनात एखादा तुकडा बदलणे शक्य असते. त्यांच्यावर येणारी धडकही पुष्कळदा तिरपी असते, कारण फिरत्या पात्यांनी बाहेर फेकलेला कण कड्याला घासत जातो.

रनवे_२७

फार उपयुक्त माहिती मिळाली, विशेषतः तळाशी तंतूंची रचना दिसण्याची खूण मी लिहून ठेवली आहे. शेवटचा प्रश्न: श्राउड स्थिर आहे म्हणून सुसह्य, असे आपण म्हणता. मग फिरती पाती सीएमसीची झाली तर?

जुना_टर्बाइनवाला

प्रश्न योग्य जागी आला. जीई या अमेरिकी इंजिन कंपनीने २०१५ मध्ये जाहीर केले की लढाऊ विमानांच्या एफ४१४ च्या प्रायोगिक इंजिनात अल्पदाब टर्बाइनची सीएमसीची फिरती पाती ५०० आवर्तने चालवून पाहिली. तरीही त्यानंतर आलेल्या, प्रवासी विमानासाठीच्या जीई९एक्स इंजिनात ज्वलनकक्षाची आतली व बाहेरची अस्तरे, पहिल्या टप्प्याचे श्राउड आणि पहिल्या व दुसऱ्या टप्प्याची नोझल, असे पाचही प्रकारचे सीएमसी भाग स्थिरच आहेत. हा क्रम विचारपूर्वक ठरवलेला आहे आणि तो मला पटतो.

फिरत्या पात्याचे आकर्षण मोठे आहे. वजन एकतृतीयांश झाले की पात्याच्या मुळाशी येणारा भार उतरतो, त्यामुळे पाती बसवलेली चकती हलकी करता येते आणि पाते तुटलेच तर त्याला आवरणारे कवचही हलके चालते. परंतु धडकेच्या दृष्टीने फिरते पाते सर्वांत वाईट जागी उभे असते. ज्वलनकक्षातून निघालेला खडा जड असल्याने नोझलमधून वेग घेणाऱ्या वायूबरोबर तितका वेग घेऊ शकत नाही. तो मागे रेंगाळतो आणि सेकंदाला चारशे मीटर किंवा त्याहून अधिक वेगाने आडवे येणारे पाते स्वतःच त्याच्यावर जाऊन आदळते. म्हणजे धडकेचा वेग बव्हंशी पात्याचा वेग असतो, आणि नासाच्या चाचणीत गोळी आरपार गेली तोच हा पट्टा आहे. आदळणारी जागा म्हणजे पात्याची पुढची कडा, जिथे वक्रतेमुळे तंतूंना तीव्र वळण द्यावे लागते आणि मागून आधार देणारे काही नसते. त्यातच उच्चदाब टर्बाइनमध्ये पाते सतत ताणाखाली असल्याने आधारद्रव्यातला तडा मिटत नाही, उघडाच राहतो, आणि तंतुजाल यांनी वर्णन केलेले रसायन त्यातून विनाअडथळा चालू राहते. एफ४१४ मध्ये अल्पदाब टर्बाइन निवडण्यामागे तेथील सौम्य तापमान हे एक कारण असावे, असा माझा तर्क आहे.

नोझलविषयीही एक गोष्ट सांगायची राहिली. स्थिर म्हणून ते सुरक्षित, असे समजू नये. फिरत्या पात्यावर आपटलेला कण उलटा उडतो आणि नोझलच्या मागच्या कडेवर मागून आदळतो. वाफेच्या टर्बाइनमध्ये घन कणांच्या झिजेचा अभ्यास करताना ही उलटी धडक फार पूर्वीच लक्षात आली होती. मागची कडा ही नोझलची सर्वांत पातळ जागा असते आणि तेथे लेपही फार जाड देता येत नाही, कारण जाडी वाढली की वायूची वाट अरुंद होते. जीई९एक्ससारख्या इंजिनावर काम करण्याची संधी आपल्याला मिळाली तर बोअरस्कोप पुढच्या कडेपाशी थांबवू नका. पात्यांच्या बाजूने आत घालून नोझलची मागची कडा पूर्ण लांबीभर पाहा आणि तेथे लेपाचा रंग बदललेला दिसला तर त्याच्या समोरच्या फिरत्या पात्यांच्या पुढच्या कडाही तपासा, कारण त्याच कणाने तेथे आधी खूण केलेली असण्याचा संभव मोठा आहे.